वर्गणी शहराची, सभासद कोण?

महापालिकेच्या अर्थसंकल्पी सभेत आवाज चढतात ते नाल्यांवरून, पथदिव्यांवरून, आपल्या प्रभागाला मिळालेल्या अथवा न मिळालेल्या निधीवरून. 'सभासदत्व व वर्गण्या' या शीर्षावरून कधी सभात्याग झाल्याचे ऐकिवात नाही. २००४ साली सिद्ध झालेल्या राष्ट्रीय नगरपालिका लेखासंहितेत हे शीर्ष प्रशासकीय खर्चात, 'जाहिरात व प्रसिद्धी'च्या शेजारी बसविलेले आहे. ही जागा कोणी खोडसाळपणे निवडली नसेल. पण ती बोलकी आहे. आपले शहर कोणत्या बाहेरच्या संघटनांचे सभासद आहे, त्यासाठी काय मोजते आणि त्या बदल्यात काय मिळविते, याचा माग या एका ओळीतून लागू शकतो. ती ओळ मात्र इतर फुटकळ खर्चांबरोबर हात वर करून मंजूर होते. रक्कम किरकोळ असते, हे खरे. प्रश्न किरकोळ नाही.

लखनौच्या उत्तर भागातील विकास नगर ही कुर्सी रोड आणि अलीगंजच्या शेजारची वस्ती. अलीगंजचे केंद्रीय भवन जवळ आहे, जानकीपुरम विस्तारातील केंद्रीय औषध संशोधन संस्थाही फार लांब नाही. बदलीवर आलेले अधिकारी, संशोधक, बँकांतील माणसे या पट्ट्यात घर शोधतात. त्यांत मराठी कुटुंबेही असतात. याच विकास नगरात मार्च २०२४ मध्ये भर वस्तीतील रस्ता खचून मोठे विवर पडले होते. अशा रस्त्यावरून रोज कचेरीत जाणाऱ्या आणि नगर निगमाला गृहकर भरणाऱ्या माणसाला सांगितले, की तुमच्या शहराच्या पैशांतून एखाद्या अखिल भारतीय परिषदेची किंवा जागतिक संघाची वर्गणी भरली जाऊ शकते, तर तो काय म्हणेल, हे वेगळे सांगावयास नको. आधी जमिनीखालची वाहिनी पाहा, मग बार्सिलोना पाहा, असेच तो म्हणेल.

या आक्षेपाला गणिताचे उत्तर देता येते. मलवाहिनीच्या दुरुस्तीचा खर्च कोटींत जातो. वर्गणी वाचवून वाहिनी बदलता येत नाही. पण हे उत्तर अधिकाऱ्याच्या तोंडी शोभते, लोकप्रतिनिधीच्या नव्हे. करदात्याचा मूळ प्रश्न किती पैसे गेले हा नसून कोणाच्या निर्णयाने गेले आणि कोणासाठी गेले हा आहे. त्याला गणित सांगणे म्हणजे प्रश्न न ऐकल्यासारखे करणे.

परदेशांत या प्रश्नावर रणे माजलेली आहेत. १९९० मध्ये स्थापन झालेली 'इक्ली' ही पर्यावरणविषयक काम करणारी स्थानिक शासनांची जागतिक संघटना सभासद शहरांकडून लोकसंख्येच्या प्रमाणात वार्षिक वर्गणी घेते. अमेरिकेत मेरिलँड राज्यातील कॅरोल काउंटीने २०११ मध्ये या संघटनेचे सभासदत्व सोडले आणि त्यानंतर अनेक लहानमोठ्या स्थानिक संस्थांत तोच वाद पेटला. वर्गणीची रक्कम नगण्य होती. आमच्या जमिनीच्या वापराचे धोरण बाहेरची संघटना ठरविणार का, असा संशय हे भांडणाचे कारण होते. संशयात अतिरंजन पुष्कळ होते, संयुक्त राष्ट्रांच्या कटाच्या कहाण्याही होत्या. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल: तेथे निवडून आलेल्या प्रतिनिधींनी सभागृहात बसून त्या वर्गणीवर मत दिले. आपल्याकडे बाजूने किंवा विरुद्ध मत देण्याची वेळ येण्याइतकी माहितीच सभागृहापुढे येत नाही.

उलटपक्षी, ज्या संघटना वर्गणीच मागत नाहीत त्यांच्याविषयी आपण निर्धास्त असतो. फुकट आहे ना, मग सभासद व्हायला काय हरकत, असा सरळ हिशेब. मुंबई डिसेंबर २०२० मध्ये ज्या 'सी-४०' या महानगरांच्या गटात सामील झाली, तो सभासदत्वाची फी घेत नाही. कृतीच्या निकषांवर सभासदत्व टिकवावे लागते, आणि मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेला मुंबईचा हवामान कृती आराखडा हे त्याचे दृश्य फळ म्हणता येईल. येथे तरी काही हाती लागले. पुण्याचा अनुभव अधिक शिकविणारा आहे. रॉकफेलर फाउंडेशनच्या 'शंभर लवचीक शहरे' या जाळ्यात पुण्याची निवड २०१६ मध्ये झाली. खास अधिकारी नेमण्यासाठी साहाय्य, तज्ज्ञांचे सल्ले, आराखड्याचे काम, सारे काही देणगीदाराकडून. जुलै २०१९ मध्ये फाउंडेशनने तो कार्यक्रम गुंडाळला. काही भाग पुढे वेगळ्या नावाने चालू राहिला, पण ज्या आश्रयदात्याच्या हमीवर शहरे जमली होती तो आपल्या मर्जीने दूर झाला. त्या निर्णयात पुण्याला, सुरतेला, चेन्नईला मत नव्हते. असण्याचे कारणही नव्हते, कारण वर्गणी त्यांची नव्हती. जेवण ज्याच्या पैशाने, पंगत त्याच्या इच्छेने उठते.

लखनौलाही असाच एक मान ताजा ताजा लाभला आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात लखनौचा खाद्यसंस्कृतीचे शहर म्हणून समावेश झाला. २०१९ मध्ये चित्रपटांसाठी मुंबई आणि खाद्यसंस्कृतीसाठी हैदराबाद त्यात गेले होते. आता गलौटी कबाब आणि मक्खन मलाईच्या नगरीची पाळी आली. त्याबद्दल आनंद व्हावा यात वावगे काही नाही. या जाळ्याची प्रवेश फी नाही. पण सभासद शहराला दर चार वर्षांनी कामाचा अहवाल द्यावा लागतो, वार्षिक परिषदेला जावे लागते, उपक्रम आखून त्यांना पैसा पुरवावा लागतो. अर्जासोबत महापौरांचे पत्र जोडावे लागते; प्रत्यक्ष प्रस्तावाची जुळवाजुळव मात्र राज्याच्या पर्यटन खात्याने केली. मग सभासद कोण, नगर निगम की पर्यटन खाते? येत्या वर्षांतील खर्च कोणत्या अर्थसंकल्पात पडणार? खाऊच्या गाड्या लावणाऱ्यांच्या जागा, त्यांचे पाणी, त्यांचा कचरा हे विषय नगर निगमाच्या कक्षेतले आहेत, आणि जगाला द्यावयाच्या अहवालात त्यांचेच वर्णन करावे लागणार आहे. हे प्रश्न मान मिळाल्यानंतर विचारावे लागतात, याचा अर्थ ते आधी सभागृहात विचारले गेले पाहिजे होते.

वर्गणी म्हणजे उधळपट्टी, ही समजूत कशी उथळ आहे हे समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. १९२६ मध्ये मुंबईत स्थानिक स्वराज्य संस्थांची एक शिक्षणसंस्था उभी राहिली. तीच आजची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था. (त्याच वर्षी मुंबईच्याच विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांनी लखनौत मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. मराठी माणसांच्या लखनौच्या अभिमानात भातखंड्यांचे नाव पहिले येते; नगरपालिकांच्या त्या संस्थेचे येत नाही. सतारीपुढे सॅनिटरी इन्स्पेक्टरचे काय चालणार!) महाराष्ट्रातील गावोगावच्या नगरपालिकांत ज्यांनी स्वच्छता निरीक्षकाची पदविका घेऊन उमेदवारी केली, त्यांतील कितीतरी जण या संस्थेच्या वर्गात बसलेले होते. एकटी नगरपालिका जे शिक्षण आपल्या कर्मचाऱ्याला देऊ शकली नसती, ते अनेक नगरपालिका एकत्र आल्याने शक्य झाले. पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस केंद्र सरकारच्या पुढाकाराने नगरविकासाच्या अभ्यासाची जी प्रादेशिक केंद्रे निघाली, त्यांतील मुंबईचे याच संस्थेत आणि उत्तर प्रदेशचे लखनौ विद्यापीठात बसले. दोन्ही केंद्रे केंद्राच्या अनुदानाची. नगरपालिकांनी स्वतः चालविलेले आणि सरकारने त्यांच्यासाठी चालविलेले, यांतील फरक तेव्हापासून पुसट होत गेला.

प्रशिक्षण ही झाली एक बाजू. सभासद संघटनेचे खरे काम वाटाघाटीचे असते, आणि तेथे आपली शहरे अगदी निःशस्त्र आहेत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. वर्षाला सुमारे ७,००० कोटी रुपयांचे, स्वतः ठरवायचे आणि स्वतः गोळा करायचे ते उत्पन्न होते. महाराष्ट्राने कायदा करून नुकसानभरपाईची सोय केली, ती वेळेवर दिली, हे श्रेय द्यायलाच हवे. पण हक्काच्या कराची जागा राज्याकडून येणाऱ्या हप्त्याने घेतली. ज्या परिषदेत या कराचे दर ठरतात तिच्यात केंद्र आहे, राज्ये आहेत. देशातील एकाही महापालिकेला तेथे खुर्ची नाही. शहरांच्या वतीने तेथे कोणी बोलावे, असा आग्रह धरणारी, राज्य सरकारांनाही दखल घ्यावी लागेल अशी संघटना तेव्हा नव्हती. आजही नाही. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२४ मधील अहवालानुसार देशातील महापालिकांचे महसुली उत्पन्न २०२३-२४ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघे ०.६ टक्के होते. पंधराव्या वित्त आयोगाने पाच वर्षांसाठी नागरी संस्थांना सुचविलेले १,२१,०५५ कोटी रुपये याच दुबळेपणावरचा उतारा. पण त्यातही हवा, कचरा, पाणी यांच्या अटी दिल्लीने ठरविलेल्या. उतारा देणारा वैद्यच पथ्य सांगतो, आणि रोग्याच्या बाजूने बोलणारे कोणी सोबत नसते.

दक्षिण आफ्रिकेची घटना या बाबतीत चाळण्याजोगी आहे. १९९६ च्या त्या घटनेने संघटित स्थानिक शासनाला थेट मान्यता दिली आणि तेथील वरिष्ठ सभागृहात त्याचे दहापर्यंत प्रतिनिधी, मताधिकार नसला तरी बोलण्याच्या अधिकारासह, बसू शकतात अशी तरतूद केली. तेथील नगरपालिकांची संघटना सभासदांच्या वर्गणीवर चालते. वर्गणी जड आहे अशी तक्रारही तेथे होते. पण ती तक्रार करणाऱ्या नगरपालिकेला निदान आपण कशासाठी मोजतो हे दाखविता येते. आपल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १ जून १९९३ पासून, नगरपालिकांना घटनात्मक अस्तित्व दिले, बाराव्या अनुसूचीत अठरा विषय मोजून दिले. त्यांनी एकत्र येऊन बोलावयाचे कोठे, हे मात्र लिहिले नाही.

आपल्याकडे ही जागा अखिल भारतीय महापौर परिषदेने भरावी अशी अपेक्षा. तिची अधिवेशने होतात, ठराव होतात, महापौरांचे अधिकार वाढवा अशी मागणी दर वेळी होते. मागणी योग्यच आहे. अडचण दुहेरी आहे. पहिली राजकारणाची. महापौरपद हे आपल्या राजकारणात पुढच्या पायरीचे नाव आहे. २००६ ते २०१७ पर्यंत लखनौचे महापौर असलेले दिनेश शर्मा तेथून थेट उपमुख्यमंत्री झाले. परिषदेचे अध्यक्षपद भूषविलेले आग्र्याचे माजी महापौर नवीन जैन २०२४ मध्ये राज्यसभेवर गेले. यात गैर काही नाही, दोघेही आपापल्या गुणांवर गेले असतील. पण ज्याला उद्याची उमेदवारी पक्षाकडून घ्यायची आहे, त्याने आज आपल्याच पक्षाच्या राज्य सरकारकडे शहराच्या हक्काचे पैसे मोठ्या आवाजात मागावेत, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाला धरून नाही. डिसेंबर २०२१ मध्ये वाराणसीत देशभरच्या महापौरांचा मोठा मेळावा झाला, पंतप्रधानांनी त्याचे उद्घाटन केले. यजमान उत्तर प्रदेशचे नगरविकास खाते होते. यजमानाच्या घरी बसून यजमानाविरुद्ध गाऱ्हाणे मांडण्याची रीत आपल्याकडे नाही.

दुसरी अडचण महाराष्ट्राने दाखवून दिली. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पुण्याचीही त्याच महिन्यात. इतर शहरे आगेमागे त्याच वाटेने गेली. १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महापालिकांसाठी मतदान होईपर्यंत राज्यातील मोठ्या शहरांत महापौर नव्हते. जवळजवळ चार वर्षे आयुक्तच प्रशासक, तेच स्थायी समिती आणि तेच सर्वसाधारण सभा. २०२५-२६ चा मुंबईचा ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प एकाही नगरसेवकाच्या मताशिवाय झाला, तेथे वर्गणीच्या ओळीची काय कथा? या अवधीत महाराष्ट्राच्या शहरांतर्फे एखाद्या संघटनेची वर्गणी भरली गेली असेल, तर ती प्रशासकाने प्रशासकाच्या सहीने भरली. आणि महापौरांच्या परिषदेत त्या शहरांच्या खुर्चीवर बसण्यास माणूसच नव्हता. वर्गणी चालू आणि आवाज बंद, अशी ही स्थिती. विकास नगरात राहणाऱ्या पुणेकर अधिकाऱ्याची गंमत अशी, की मे २०२३ मध्ये लखनौच्या ११० पार्षदांपैकी एकाला आणि महापौर सुषमा खर्कवाल यांना निवडणाऱ्या मतदारांत त्याचे नाव असू शकत होते, तर त्याच्या मूळ गावी त्याच्या आईवडिलांना नळाच्या तक्रारीसाठी नगरसेवकच उरला नव्हता. उत्तर प्रदेशातही इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादात निवडणूक न्यायालयात अडली होती, पण ती महिन्यांत सुटली. या बाबतीत तरी मराठी माणसाने उत्तरेकडे नाक मुरडू नये.

उत्तर प्रदेशचा आणखी एक विशेष येथे नोंदवावा लागेल. तेथे महापौर थेट जनतेतून निवडला जातो. महाराष्ट्रातील अडीच वर्षांच्या, नगरसेवकांनी निवडलेल्या, आरक्षणाच्या सोडतीवर अवलंबून असलेल्या महापौरापेक्षा राष्ट्रीय व्यासपीठावर बोलण्याचा नैतिक अधिकार लखनौच्या महापौराला अधिक आहे. पाच वर्षांची निश्चिती आहे. एखाद्या संघटनेत शहराच्या नावाने गेल्यावर पाठपुरावा करण्यास एवढा अवधी पुरेसा असतो. तो होत नसेल तर दोष पदरचनेचा नाही.

मग करावे काय? वर्गण्या बंद करण्याचा सल्ला कोणी देत असेल तर तो नाकारलाच पाहिजे, कारण आधीच एकट्या पडलेल्या नगरपालिका त्याने आणखी एकट्या पडतील, आणि जी रिकामी जागा होईल ती देणगीदारांची जाळी किंवा सरकारी मेळावे भरून काढतील. स्वतःच्या पैशाने चालणारी संघटनाच राज्य सरकारला न आवडणारे बोलू शकते. पण त्यासाठी वर्गणी हा सभागृहाचा निर्णय असला पाहिजे. लखनौच्या पद्धतीत नगर आयुक्तांचे अंदाजपत्रक आधी कार्यकारिणीपुढे आणि मग सदनापुढे जाते. महाराष्ट्रात स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा. दोन्हीकडे या शीर्षाखालील संघटनांची नावे, प्रत्येकीची रक्कम आणि मागील वर्षी तिच्या सभांना कोण गेले, त्याने काय मांडले, एवढे एक पान अंदाजपत्रकाला जोडणे अवघड नाही. प्रवासाचा खर्च त्याच पानावर यावा. वर्गणी एका शीर्षात, विमानाची तिकिटे दुसऱ्या शीर्षात आणि अभ्यासदौऱ्याचा अहवाल कोणत्याच शीर्षात नाही, ही व्यवस्था सर्वांच्या सोयीची असल्यामुळे आजवर टिकली आहे. महाराष्ट्रातील नगरसेवकांच्या अभ्यासदौऱ्यांनी जो लौकिक मिळविला, त्याचे मूळ तेथेच आहे.

सभासदत्व कायमचे नसावे, हीही एक साधी अट. तीन वर्षांनी ठराव नव्याने मांडावा लागला, तर संघटनेलाही सभासदापुढे हिशेब घेऊन यावे लागेल. फुकटच्या जाळ्यांना ही अट अधिक कडकपणे लावावी, कारण तेथे बिल येत नाही आणि बिल येत नाही म्हणून आठवणही येत नाही. संघटनेच्या वार्षिक सभेत शहराच्या नावाने जे मत पडते ते कोणत्या बाजूने टाकावे, याची सूचना सभागृहाने द्यावी. निदान मत पडल्यावर ते सभागृहाला कळावे. महाराष्ट्राच्या महापालिका अधिनियमाने कलम ६३ मध्ये अनिवार्य आणि कलम ६६ मध्ये ऐच्छिक कर्तव्ये सांगितली आहेत. बाहेरच्या संघटनेवरचा खर्च ऐच्छिकात मोडतो. आणि ऐच्छिक याचा अर्थ सभागृहाच्या इच्छेचा, प्रशासनाच्या सवयीचा नव्हे.

हे सारे कोणाच्या हाती आहे? ठराव नगरसेवकांच्या हाती आहे, पण टिपणी अधिकाऱ्याच्या हाती असते. 'गतवर्षीप्रमाणे' हे चार पावलांचे अंतर वाचविणारे पद टिपणीतून काढून त्या जागी दोन वाक्ये लिहिण्यास वरिष्ठांची परवानगी लागत नाही. लखनौ नगर निगमाने २०२० च्या अखेरीस २०० कोटी रुपयांचे रोखे काढले, ते मुंबईच्या शेअर बाजारात सूचिबद्ध झाले. रोखेधारकांसाठी ठरावीक मुदतीत माहिती उघड करण्याचे बंधन त्यासोबत आले आणि ते पाळावेच लागते. म्हणजे हिशेब मांडण्याची यंत्रणा आणि सवय या शहराच्या लेखा विभागात आहे. मुंबईच्या गुंतवणूकदाराला जे वेळेवर मिळते त्यातील एक पान विकास नगरच्या पार्षदालाही मिळावे, एवढीच मागणी आहे.

लखनौच्या सदनाची मुदत २०२८ मध्ये संपेल. त्याआधीची अंदाजपत्रके हातच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. महाराष्ट्रातील नव्या सभागृहांपुढे पाच वर्षे पडली आहेत. चार वर्षांच्या प्रशासकीय राजवटीत शहराच्या नावाने कोणकोणती सभासदत्वे घेतली, चालू ठेवली किंवा सोडली गेली, याची यादी मागण्याचा अधिकार त्यांतील प्रत्येक नगरसेवकाला आहे. ती यादी प्रथम कोणत्या शहराच्या पटलावर येते, ते पाहावयाचे.